कॅरॅव्हॅन घेऊन निघालोय, वाटेत स्नोटाउन आहे. थांबावं का?

मंजिरी_मेलबर्न

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत मेलबर्नहून साउथ ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रेंजेस या डोंगररांगांकडे निघतोय. आम्ही दोघं, अकरा वर्षांचं कार्टं आणि आटपाडीहून आलेले सासू-सासरे. मिल्डुरा, रेनमार्क, बर्रा, क्लेअर आणि मग वर हॉकरकडे. कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली, तिला घेऊन एवढा लांब पल्ला पहिल्यांदाच.

क्लेअरहून थोडी वाट वाकडी करून बंबंगा लेकचं गुलाबी पाणी बघायचं आहे. तळ्यापासून पुढचं गाव स्नोटाउन. तिथे कॅरॅव्हॅन पार्क आहे, स्वस्त आहे, रात्रीपुरतं बरं पडेल असं वाटलं आणि मी घरात तसं बोलून बसले.

झालं. मुलाने गावाचं नाव शोधलं आणि पाच मिनिटांत तिथल्या बँकेत पिंपांमध्ये सापडलेल्या मृतदेहांची गोष्ट काढली. आता त्याला 'ती बँक' बघायचीच आहे. सासूबाई म्हणतात, लेकराला घेऊन असल्या गावात मुक्काम नको, दुसरी गावं काय ओस पडलीत? नवरा म्हणतो डिझेल भरू आणि निघू. सासरे बँकेतून रिटायर झालेत. कुठल्याही गावात गेले की आधी बँकेची शाखा बघतात, देऊळ नंतर. ते म्हणाले, "स्ट्राँगरूम आत कशी आहे ते बघायला मिळतं का?" म्हणजे घरात दोन मतं बँकेच्या बाजूने, एक विरोधात, एक डिझेलला.

कोणी राहिलंय का तिथे? थांबणं बरं दिसतं का? आणि फोटो?

---

डाऊनअंडर_डबा

बर्फवाडीत बर्फ पडत नाही, एवढं मुलाला आधीच सांगून ठेवा. आमची लेक रुसली होती.

---

जुना_अ‍ॅडलेडकर

मंजिरीताई, मी १९९७ पासून अ‍ॅडलेडला आहे, त्यामुळे हे प्रकरण बातम्यांत रोज उलगडताना पाहिलंय. आधी काय घडलं ते सरळ सांगतो, कारण निम्मी दुनिया ते उलटं समजते.

२० मे १९९९ रोजी पोलिसांना स्नोटाउनच्या बंद पडलेल्या बँकेच्या तिजोरीखोलीत प्लॅस्टिकची सहा पिंपं सापडली. त्यात आठ जणांचे मृतदेह होते. तपास वाढत गेला तसा आकडा बारावर गेला, आणि सुरुवात पार १९९२ पर्यंत मागे गेली. पण हे खून स्नोटाउनचे नव्हेतच. मारणारे अ‍ॅडलेडच्या उत्तरेकडच्या उपनगरांतले, मेलेलेही बहुतेक तिथलेच. त्यांचेच ओळखीचे, शेजारी, काही तर नात्यातले. गरीब, एकटे, आजारी अशी माणसं. त्यांच्या नावाचे सरकारी भत्ते मारेकरी पुढे उचलत राहिले. गावात घडला तो एकच खून, शेवटचा, आणि तोही माणूस अ‍ॅडलेडहून फसवून आणलेला.

मग गावाचा संबंध काय? बँक रिकामी होती आणि भाड्याने मिळाली. बस. पिंपं आधी दुसरीकडे होती, तिथून ती १९९९ च्या सुरुवातीला इथे हलवली. चार महिने आधी सापडली असती तर आज जगाला दुसऱ्याच कुठल्या गावाचं नाव पाठ असतं.

२००३ मध्ये एकाला अकरा आणि दुसऱ्याला दहा खुनांबद्दल शिक्षा झाली. नावं मुद्दाम लिहीत नाही, तुमच्या मुलाने ती एव्हाना पाठ केली असतील.

गावाने नाव बदलून 'रोझटाउन' करावं अशीही चर्चा झाली होती. झालं काही नाही. चारशे-साडेचारशे वस्तीचं गाव, १८७८ मध्ये गव्हर्नर जर्व्हॉयच्या काळात वसलेलं, स्नो आडनावाच्या माणसावरून नाव पडलेलं. त्यांनी का बदलावं?

थांबा. मुक्काम करा. दूध-ब्रेड तिथेच घ्या.

---

खवचट_खारी

> दूध-ब्रेड तिथेच घ्या

हे म्हणजे कसं, की सांत्वनाला गेलो तर जाता जाता दळण पण घेऊन या.

---

तिरकस_त्रिज्या

मला हा सगळा प्रकारच पटत नाही. गुलाबी तळं बघायला जाताय ना? मग तळं बघा. "आमचा तसा हेतू नव्हता, वाटेत होतं म्हणून थांबलो" असं म्हणणाऱ्या शंभर गाड्या त्या बँकेसमोर थांबत असणार. त्यातली एक तुमची. मुलगा शाळेत जाऊन काय सांगेल, तिथली गव्हाची शेती फार छान होती?

आणि जुने अ‍ॅडलेडकर, गावाचा संबंध नाही हे खरं, मग तर थांबायचं कारणच उरत नाही. आजवर चारशे वस्तीच्या किती गावांत मुक्काम केलाय आपण? इथेच का?

---

जुना_अ‍ॅडलेडकर

त्रिज्या, किमान चाळीस. कॅरॅव्हॅन आहे माझ्याकडे. आणि गेल्यावर समजतं की त्यांतलं एकही गाव 'उगाच' नसतं.

---

टोबार_तात्या

तत्त्वज्ञान चालू द्या, मी कामाचं बोलतो.

१. क्लेअरहून पश्चिमेला उतरलात की डोंगररांगेच्या अलीकडे-पलीकडे वारा आडवा लागतो. उगाच नाहीत तिथे पवनचक्क्या. वजन मागे भरू नका. सासूबाईंची लोणच्याची बरणी, पिठाचे डबे, पाण्याचे कॅन सगळं अ‍ॅक्सलच्या वर नाहीतर किंचित पुढे. मागचा भाग जड झाला की व्हॅन शेपटी हलवायला लागते, आणि एकदा लागली की घाम फुटतो.

२. ऑगस्टा हायवेवर रोड ट्रेन, म्हणजे मागे एकाहून जास्त ट्रेलर जोडलेले लांबलचक ट्रक असतात. तुम्हाला मागे टाकून जाताना आधी ढकलल्यासारखं होतं आणि मग ओढल्यासारखं. स्टिअरिंग घट्ट धरा, ब्रेक मारू नका.

३. रात्री ऑनिंग (व्हॅनच्या बाजूला उघडायचं कापडी छत) उघडं ठेवून झोपू नका. आमचं एक ऑनिंग अजून त्याच परिसरात कुठेतरी फिरत असेल.

४. मिल्डुराहून रेनमार्ककडे जाताना यांबाला फळमाशीची चौकी आहे. चोवीस तास चालू. फळं, टोमॅटो, मिरच्या, सगळं काढून घेतात. लिंबंसुद्धा.

---

मंजिरी_मेलबर्न

तात्या, लिंबं?? पोह्यांवर काय पिळू मग?

---

टोबार_तात्या

अश्रू.

---

डाऊनअंडर_डबा

तात्या, पाचवा मुद्दा विसरलात. व्हॅन रिव्हर्स लावताना नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नसतं. आम्ही हातवाऱ्यांवर वीस वर्षं संसार टिकवलाय.

---

हॉबार्टची_हेमा

त्रिज्या यांच्या मुद्द्याला धरून एक अनुभव.

पोर्ट आर्थरला आम्ही पुण्याहून आलेल्या नातेवाइकांना घेऊन गेलो होतो. कैद्यांची वसाहत म्हणून जायचं, तेवढंच डोक्यात. पण २८ एप्रिल १९९६ ला तिथे एकाच माणसाने पस्तीस जणांना गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर देशाचे बंदुकीचे कायदेच बदलले. ज्या कॅफेत सुरुवात झाली त्याच्या भिंती तेवढ्या ठेवल्यात. भोवती बाग आणि पाण्याचं कुंड. कर्मचाऱ्यांना त्या दिवसाबद्दल विचारू नका अशी विनंती असते, कारण त्यांच्यापैकी काहींची जवळची माणसं त्यात गेलीत.

आमच्या काकांनी विनंती वाचली आणि तरीही तिकीटवालीला विचारलं. "तुम्ही तेव्हा होतात का इथे?" वाईट माणूस नाहीत ते, गावी कोणाकडे मयत झालं की सगळ्यात आधी पोचणारे. आपल्याकडे विचारणं म्हणजे आपुलकी, न विचारणं म्हणजे शिष्टपणा. त्या बाईंनी हसून नकाशा पुढे केला. "कुंड त्या बाजूला आहे."

मला अजून लाज वाटते. काकांना नाही वाटत. ते म्हणतात, "मी चौकशी केली, तिने रस्ता सांगितला, यात बिघडलं काय?"

तर मंजिरी, थांबायला हरकत नाही. सासऱ्यांना फक्त स्ट्राँगरूमबद्दल कोणाला विचारू देऊ नकोस. ती आता खासगी मालमत्ता आहे, २०१२ मध्येच विकली गेली.

---

वैनगंगाकाठी

मी भंडाऱ्याचा. सहसा वाचून गप बसतो, पण आज लिहितो.

आमच्या जिल्ह्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलं मारली गेली. त्याआधी ते नाव तालुक्याबाहेर कोणाला माहीत नव्हतं, त्यानंतर ते नाव गावाचं राहिलंच नाही. मोर्चात घोषणा, लेखात विशेषनाम, भाषणात उपमा. माझ्यासोबत होस्टेलला शेजारच्या गावचा एक पोरगा होता. गाव विचारलं की म्हणायचा "मोहाडीजवळ". बस एवढंच.

पण अ‍ॅडलेडकर भाऊ, तुमची गोष्ट वाचून वाटलं की दोन्ही एका मापात नाही बसत. स्नोटाउनवर बाहेरून आणून टाकलं. खैरलांजीत शिक्षा झाले ते गावातलेच. तिथे "गावाचं नाव कशाला घेता" असं कोणी म्हटलं की मला चीड येते. नाव घेतलंच पाहिजे. स्नोटाउनचं नाव घेताना मात्र जरा थांबावं लागेल, कारण ज्या उपनगरात खून झाले त्याचं नाव कोणाला सांगता येते का इथं? नाही. खेडं लक्षात राहते, शहर सुटून जाते.

---

तिरकस_त्रिज्या

वैनगंगाकाठी, शेवटचं वाक्य मान्य. मला खरंच उपनगराचं नाव आठवलं नाही. शोधावं लागलं.

---

किल्लारी_९३

आमच्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. मदतीला महाराष्ट्रभरातून लोक आले, ते कधी विसरणार नाही. बघायलाही आले. जीपमधून उतरायचे, ढिगाऱ्यावर चढायचे, उतरायचे, पुढचं गाव. मी तेव्हा चौथीत होतो. त्यातल्या एका माणसाने मला बिस्किटाचा पुडा दिला आणि विचारलं, तुमच्या घरातलं कोण गेलं. पुडा घेतला होता, म्हणून सांगावं लागलं.

बस इतकंच.

---

हॉबार्टची_हेमा

🙏

---

पवनपुत्र_पुणे

धागा गंभीर वळणावर आहे, मी जरा वेगळ्या दारातून येतो.

मी २००७-०८ च्या सुमारास पुण्यात पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनमध्ये होतो. ऑफिसात 'स्नोटाउन' हा शब्द रोज कानावर पडायचा. फाइलवर, मेलमध्ये, फोनवर. आमच्यासाठी स्नोटाउन म्हणजे सत्तेचाळीस टर्बाइन. एस८८ मॉडेल, प्रत्येकी २.१ मेगावॅट. स्नोटाउन विंड फार्मचा पहिला टप्पा, २००८ मध्ये चालू झाला. नंतरच्या टप्प्यात नव्वद टर्बाइन आणखी लागली, ती सीमेन्सची.

पिंपांचं प्रकरण मला जवळजवळ पाच वर्षांनी कळलं, ते सुद्धा सिडनीला आल्यावर एका पार्टीत. मी अभिमानाने म्हणालो, "स्नोटाउनच्या कामात मीही होतो." टेबलावर अशी शांतता पसरली की विचारू नका. बायकोने टेबलाखालून पाय मारला, तिलाही काही माहीत नव्हतं, नुसतं लोकांच्या चेहऱ्यांवरून.

मंजिरीताई, गावात एक टर्बाइनचं पातं आडवं ठेवलंय, चाळीस मीटरहून लांब. लांबी बघता ते पहिल्या टप्प्यातलं असावं, म्हणजे आमच्याकडचं. जमिनीवरून चक्क्या बघताना पातं चमच्याएवढं दिसतं. ते शेजारी आडवं पाहिलं की कळतं हे ट्रकवर वळणं घेत कसं आणलं असेल. मुलाला ते बघायला न्या. आणि जमलं तर माझ्या वतीने एक थाप मारा त्याच्यावर. मी अजून पाहिलेलं नाही.

---

खवचट_खारी

"स्नोटाउनच्या कामात मीही होतो" 😂😂 ऑफिसात हसू आवरेना, मॅनेजर वळून बघतोय.

---

डाऊनअंडर_डबा

पवनपुत्र, पुढल्या पार्टीत 'टर्बाइन' शब्द आधी घ्या.

---

न_मावळणारा

सगळं वाचलं. मला खटकतंय ते सांगतो. आपण पिंपांबद्दल एवढा विचार करतोय कारण त्या गोष्टीला तारीख आहे, फोटो आहेत, खटला आहे. कॅरॅव्हॅनमधून या देशात फिरताना आपण ज्या शेतांमधून जातो, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी एकोणिसाव्या शतकात इथल्या मूळ रहिवाशांच्या कत्तली झाल्या. तिथे आपण बिनदिक्कत चहा पितो.

न्यू साउथ वेल्समध्ये बिंगाराजवळ मायल क्रीक आहे. १० जून १८३८ रोजी तिथे गुराख्यांनी विरायाराय लोकांपैकी अठ्ठावीस जणांना मारलं. बायका, मुलं, म्हातारे. त्याबद्दल सात गोऱ्यांना त्याच डिसेंबरात फाशी झाली आणि म्हणून ते नाव नोंदीत राहिलं. खटला झाला नाही ती ठिकाणं नकाशावर कोरीच राहिली. स्मारक कधी झालं? २००० साली. एकशे बासष्ट वर्षांनी. टेकडीवरून वळणावळणाची पायवाट, वाटेत दगडांवर पाट्या, शेवटी एक मोठा खडक. कॅरॅव्हॅन लावायला जागा आहे. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

म्हणून म्हणतो, "थांबावं का" हा प्रश्न फक्त स्नोटाउनला का पडावा?

---

तिरकस_त्रिज्या

तोच तर माझा मुद्दा होता. तुम्ही मला विरोध करत करत माझ्या बाजूला आलात.

---

न_मावळणारा

नाही हो. तुम्ही म्हणता कुठेच थांबू नका, मी म्हणतो सगळीकडे थांबा.

---

डाऊनअंडर_डबा

सगळीकडे थांबले तर मंजिरीताई हॉकरला दिवाळीत पोचतील.

---

दुष्काळी_देशमुख

सासरे आटपाडीचे म्हणालात म्हणून लिहितो. बर्रा मागे टाकून तुम्ही जिकडे निघालात, तिथे त्यांना स्ट्राँगरूमपेक्षा मोठी गोष्ट दिसेल.

जॉर्ज गॉइडर नावाचा सर्व्हेअर जनरल होता इथे. १८६५ च्या दुष्काळात तो घोड्यावरून फिरला आणि नकाशावर रेघ मारली. रेघेच्या दक्षिणेला पीक घ्या, उत्तरेला फक्त गुरं-मेंढरं, तिथे पावसाचा भरवसा नाही. लोकांनी काही वर्षं ऐकलं. मग १८७० च्या दशकात चांगला पाऊस पडला आणि सगळ्यांना वाटलं सर्व्हेअरला काय कळतं. नांगर फिरला की मागून पाऊस येतोच, असं तेव्हा लोक खरंच मानायचे. सरकारनेही जमिनी खुल्या केल्या. माणसं बायकापोरं घेऊन उत्तरेला गेली, दगडी घरं बांधली, गव्हाची पहिली पिकं आली. १८८० च्या दशकात दुष्काळ परतला आणि सगळं संपलं.

ती घरं अजून उभी आहेत. छप्पर नाही, दार नाही, चूल आणि धुराडं तेवढं. बर्राच्या वर, क्वॉर्नपासून हॉकरपर्यंत, माळावर एकेक दिसत राहतात. कुठेही तिकीट नाही, पाटी क्वचित. माणदेशातल्या माणसाला ते घर कशाने रिकामं झालं हे सांगावं लागणार नाही.

स्नोटाउन स्वतः रेघेच्या आत येतं, गहू होतो तिथे.

---

जुना_अ‍ॅडलेडकर

देशमुख, दंडवत घ्या. तीस वर्षांत शंभरदा त्या रस्त्याने गेलो, त्या घरांचे फोटोही काढले. हे फोटो काढताना कधी प्रश्न पडला नाही, बँकेसमोर पडतो.

---

शिक्षिका_शुभांगी

मुलाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. मी इथल्या शाळेत शिकवते. अकरा वर्षांच्या मुलाने वाचलंय म्हणजे वाचलंय, ते परत झाकता येत नाही. "बघायचं नाही" म्हटलंत तर तो बारा वर्षांचा होईपर्यंत तेच शोधत राहील. त्याला पिंपांचा आकडा माहीत आहे. मेलेली माणसं कोण होती हे विचारून बघा, बहुधा माहीत नसेल. त्यांच्यातले काही अपंग होते, काहींची डोकी ठिकाणावर नव्हती, बेपत्ता झाले तरी फारशी कोणी चौकशी केली नाही. हे गाडीत बसून, आजी झोपलेली असताना सांगा. मग बँकेसमोर नेलंत तरी चालेल, न नेलंत तरी चालेल.

---

खवचट_खारी

गाडीत आजी झोपते? आमच्याकडे आजी डोळे मिटून सगळं ऐकते.

---

मंजिरी_मेलबर्न

सगळ्यांचे आभार. घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई किल्लारीच्या प्रतिसादानंतर काही बोलल्या नाहीत, उठून चहा टाकला. सासऱ्यांनी देशमुखांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. उद्या पहाटे निघतोय. आल्यावर लिहीन.

---

डाऊनअंडर_डबा

फोटो टाकल्याशिवाय ट्रिप झाली असं धरलं जाणार नाही. (पात्याचे. बँकेचे नको.)

---

मंजिरी_मेलबर्न

आलो परत. व्हॅन धुऊन झाली, आता लिहिते. लांबलंय, चालवून घ्या.

तळं गुलाबी कमी आणि पांढरं जास्त होतं. मिठाचा थर, कडेला कोणीतरी जुन्या टायरांचा मोठा राक्षस पाण्यातून डोकं काढल्यासारखा करून ठेवलाय. मुलगा त्यातच खूश. बूट मिठाने इतके भरले की ते व्हॅनबाहेर दोरीला टांगावे लागले.

स्नोटाउनला दुपारी तीनला पोचलो. तात्या म्हणाले तसाच वारा. पार्कमध्ये आमच्याशिवाय दोन व्हॅन, दोन्हीत साठी-सत्तरीचे जोडपे. मी रिव्हर्स करणाऱ्या नवऱ्याला हातवारे करत होते, तेवढ्यात शेजारचे आजोबा आले आणि एका शब्दाविना त्यांनी व्हॅन लावून दिली. डबा, तुमची पद्धत जागतिक आहे.

पातं बघितलं. मुलाने पावलं मोजली, एकोणसाठ भरली. पवनपुत्र, थाप मारली, तुमच्या नावाने, फोटो टाकतेय. पोकळ वाजतं हो ते! सासरे म्हणाले, "पुण्याहून आलं ना, मग इथे येऊन आडवं पडायचंच." पाण्याच्या टाकीवर मोठं चित्र रंगवलंय, तेही बघितलं.

आता बँक. शुभांगीताई, तुम्ही सांगितलं तसं क्लेअरहून येताना मी मुलाशी बोलले. आजी 'झोपल्या' होत्या. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मग त्यांच्या घरचे त्यांना शोधत नव्हते?" काहींचे शोधत होते, म्हटलं, आणि एका बाईला शोधतानाच पोलीस इथवर पोचले. गावात आल्यावर तो म्हणाला बँकेकडे मला यायचं नाही. त्याने पात्यावर बसून सँडविच खाल्लं.

सासरे गेले. एकटेच, हात मागे बांधून, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने. मी लांबून बघत होते, हेमाताईंचे काका डोक्यात होते, हे कोणाचं दार वाजवतील म्हणून. नाही वाजवलं. पाचेक मिनिटांनी आले. म्हणाले, "शाखा बंद करताना तिजोरीचं दार काढून न्यायला पाहिजे होतं. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोन माणसांकडे ठेवतात. एकट्या माणसाला ते दार उघडताच येऊ नये म्हणून." मग थोड्या वेळाने, "आमच्या वेळी रात्री झोपेतसुद्धा किल्ली उशाखाली चाचपायचो." एवढंच बोलले. फोटो नाही काढला.

दूध-ब्रेड गावातच घेतला, अ‍ॅडलेडकरांच्या आज्ञेप्रमाणे. दुकानातल्या बाईंनी विचारलं कुठून आलात. मी मेलबर्न म्हणाले, सासऱ्यांनी मला बाजूला केलं आणि आपल्या इंग्रजीत सांगितलं, मी दुष्काळी भागातला आहे, यंदा तुमच्याकडे पाऊस किती झाला? बाईंचा चेहरा बदललाच. महिन्यागणिक मिलिमीटर सांगितले, जूनमध्ये किती कमी पडला, ऑगस्टमध्ये कसा सावरला. सासऱ्यांनी टँकर, टेंभूचं पाणी, डाळिंबं. वीस मिनिटं. मागे रांगेत दोन शेतकरी उभे होते, ते पण बोलायला लागले. कोणाला घाई नव्हती. दूध गरम झालं माझ्या हातात.

रात्री मालगाडी गेली. किती लांब म्हणजे मी डबे मोजता मोजता झोपले. सासूबाई सकाळी म्हणाल्या, जागा शांत आहे. हा त्यांचा सर्वोच्च किताब आहे, कोल्हापूरच्या हॉटेलालाही मिळालेला नाही.

पुढे क्वॉर्न-हॉकर रस्त्यावर ती छप्पर नसलेली घरं आली. सासऱ्यांनी तीनदा गाडी थांबवायला लावली. एका घराच्या चुलीत त्यांनी हात घालून बघितला. देशमुख, कशासाठी ते मी विचारलं नाही.

---

दुष्काळी_देशमुख

🙏 त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

पवनपुत्र_पुणे

फोटो बघितला. मुलाचा हात आणि मागे पातं. बायकोला दाखवला, ती म्हणाली आता हा फोटो पार्टीत दाखव. धन्यवाद ताई, मनापासून.

---

तिरकस_त्रिज्या

मत बदललं नाही. पण तुमच्या सासऱ्यांसोबत एकदा प्रवास करायला आवडेल.

---

टोबार_तात्या

हे सगळं ठीक. लिंबं गेली का यांबाला?

---

मंजिरी_मेलबर्न

गेली. सहा. एक सासूबाईंनी बटव्यात लपवलं होतं, चौकीवाल्याने "एनी फ्रूट?" विचारताच त्यांनीच घाबरून काढून दिलं.